ऑलिव्हर मोवॅट

सर ऑलिव्हर मोवॅट (जन्म : २२ जुलै १८२०, किंग्स्टन, मृत्यू : १९ एप्रिल १९०३, टोरोंटो) हे कॅनडातील कायदेपंडित, न्यायाधीश व राजकारणी होते. १८७२ ते १८९६ या काळात ते ओन्टॅरिओ प्रांताचे प्रीमियर, म्हणजे प्रांतिक सरकारचे प्रमुख, आणि त्याच वेळी ॲटर्नी जनरलही होते. भारतातील राज्याचा महाधिवक्ता मंत्री नसतो. कॅनडातील प्रांताचा ॲटर्नी जनरल मात्र मंत्रिमंडळात बसतो व न्यायखात्याचा कारभार पाहतो. हा फरक ध्यानात ठेवल्याशिवाय मोवॅट यांच्या कार्याचे मोल नीट उमगत नाही.

पूर्वायुष्य

त्यांचे वडील स्कॉटलंडमधील केथनेस येथून आलेले सैनिक असून पुढे व्यापारात स्थिरावले. मोवॅट यांनी वकिलीचे पहिले धडे किंग्स्टन येथे जॉन ए. मॅकडोनाल्ड यांच्या कचेरीत घेतले. पुढे हेच मॅकडोनाल्ड कॅनडाचे पहिले पंतप्रधान झाले आणि मोवॅट यांचे सर्वांत कडवे प्रतिस्पर्धीही. १८६४ च्या क्वेबेक परिषदेत मोवॅट यांनी संघराज्याच्या आराखड्यावर काम केले. त्याच वर्षी ते चॅन्सरी न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८७२ मध्ये न्यायासन सोडून ते पुन्हा राजकारणात उतरले.

प्रांताच्या न्यायाधिकाराचा प्रश्न

१८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याने फौजदारी कायदा करण्याचा अधिकार व वरिष्ठ न्यायाधीशांच्या नेमणुका केंद्राकडे दिल्या. न्यायालयांची स्थापना व न्यायदानाची व्यवस्था प्रांतांकडे ठेवली. ॲटर्नी जनरलचे जुने अधिकार प्रांतिक विधिमंडळ बदल करीपर्यंत तसेच चालू राहतील, अशी तरतूद होती. परंतु राजसत्तेचे अधिकार प्रांताकडेही आले की केवळ केंद्राकडे, हे संदिग्धच राहिले. शिवाय प्रांताचा कोणताही कायदा रद्द करण्याची मुभा केंद्राला होती आणि मॅकडोनाल्ड ती वापरीत. नद्यांवरील लाकूड-वाहतुकीविषयीचा ओन्टॅरिओचा कायदा केंद्राने पुनःपुन्हा रद्द केला, प्रांताने तो पुनःपुन्हा मंजूर केला.

हा वाद मोवॅट यांनी सभांपेक्षा न्यायालयात अधिक लढवला. अंतिम निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचा असे. मुंबई उच्च न्यायालयातील अपिलेही त्या काळी याच समितीपुढे जात. अँड्र्यू मर्सर हा टोरोंटोतील गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला व कायदेशीर वारस आढळला नाही. त्याची बेवारस जमीन कोणाच्या खजिन्यात जावी, असा प्रश्न उभा राहिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा कौल केंद्राच्या बाजूने होता. १८८३ मध्ये न्यायसमितीने तो फिरवून जमीन प्रांताची ठरवली. त्याच वर्षी हॉज खटल्याचा निकाल लागला. मद्यविक्रीस मनाई असलेल्या वेळेत आपल्या मद्यगृहात बिलियर्ड खेळू दिले, एवढाच हॉज या मालकाचा अपराध; पण त्यातून प्रांतिक विधिमंडळ आपल्या क्षेत्रात सार्वभौम आहे, कोणाचे मुखत्यार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

यापुढचे पाऊल १८८८ च्या कायद्याचे. प्रांताच्या अखत्यारीतील बाबींत संघराज्यापूर्वीचे कार्यकारी अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे आहेत आणि प्रांतिक कायद्यांखालील शिक्षा कमी वा माफ करण्याचा अधिकारही त्यांत येतो, असे या कायद्याने जाहीर केले. केंद्राने त्यास आव्हान दिले, परंतु १८९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते टिकले नाही.

मोवॅट यांनी १८७४ मध्ये गुप्त मतदान आणले व १८८१ च्या कायद्याने सामान्य कायदा आणि समन्याय यांची वेगवेगळी न्यायालये एकत्र केली. स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारे कायदेही त्यांच्याच कारकिर्दीतले.

अखेरची वर्षे

१८९६ मध्ये लॉरिए मंत्रिमंडळात ते कॅनडाचे न्यायमंत्री झाले. ज्या खात्याशी दोन तपे झगडले, त्याच खात्याची सूत्रे त्यांच्या हाती आली, हा योग विलक्षणच. पुढच्याच वर्षी ते ओन्टॅरिओचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.