शेष न सोडणारा शास्त्रज्ञ : लॉर्ड रॅले



हिशेबात पैशांचा किरकोळ फरक पडला तर आपण तो सोडून देतो. एका शास्त्रज्ञाने असाच फरक सोडला नाही, म्हणून जगाला एक नवे मूलद्रव्य मिळाले. ते शास्त्रज्ञ म्हणजे लॉर्ड रॅले.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. लहानपणी प्रकृती नाजूक, त्यामुळे शाळा वारंवार बुडे. तरीही १८६५ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. (हाच मान १८९९ मध्ये आपल्या रघुनाथ परांजपे यांनी मिळवला.) १८७२ मध्ये पुन्हा मोठे आजारपण आले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीच्या प्रवासात त्यांनी ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ लिहायला घेतला. १८७३ मध्ये वडिलांच्या पश्चात ते लॉर्ड रॅले झाले.

या ग्रंथाच्या १८९४ च्या आवृत्तीत कंपनांचा विचार करताना त्यांनी संख्यांची एक गंमत नोंदवली. २ चे वर्गमूळ १.४१४... घ्या. त्याच्या पटी करा आणि दशांश चिन्हापुढचे अंक सोडून द्या. १, २, ४, ५, ७, ८, ९, ११... अशी मालिका मिळेल. आता ३.४१४... च्या पटींचे तसेच करा : ३, ६, १०, १३... पहिलीत गळलेली प्रत्येक संख्या दुसरीत सापडते, एकही दोनदा येत नाही! अट एवढीच, की दोन्ही संख्या अपरिमेय हव्यात आणि त्यांच्या व्यस्तांची बेरीज १ हवी. पुढे १९२६ मध्ये सॅम्युएल बीटी यांनी हेच कोडे एका गणितविषयक मासिकात मांडले. आज या मालिकांना बीटींचे नाव आहे. रॅले यांचा मान मात्र मागे पडला.

त्याच सुमारास रॅले नायट्रोजन वायूचे वजन करत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांपासून केलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरे. मोजमापाची चूक म्हणून त्यांनी विषय मिटवला नाही. पुन्हा पुन्हा वजन केले. अखेर विल्यम रॅम्झी यांच्यासह त्यांनी आरगॉन वायू शोधला. १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली. ३० जून १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, वरील दोन मालिका ५० पर्यंत वहीत लिहून पाहा. आणि उत्तरात थोडा फरक उरला, तर खोडरबर उचलण्यापूर्वी तो का उरला हे शोधा.