कार्ल लँडस्टायनर : रक्तगटांचे जनक



तुमच्या शाळेच्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता आणि पत्ता यांच्याखाली एक लहानसा रकाना असतो. त्यात कुणाचे ए, कुणाचे बी, कुणाचे ओ, तर कुणाचे एबी असे लिहिलेले असते. ही अक्षरे कोठून आली? आपल्या शरीरात ती नेमकी कोठे 'लिहिलेली' असतात? या प्रश्नांची वाट ज्यांनी जगाला दाखविली, त्या थोर शास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊ. त्यांचे नाव कार्ल लँडस्टायनर.

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहराजवळ झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार होते. पण कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि आई फॅनी यांनीच त्यांना वाढविले. आईवर त्यांची अपार माया होती. पुढे त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले.

डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटावा, असे त्यांना वाटले नाही. शरीरात जे घडते त्याच्या मुळाशी रसायनशास्त्र आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते पुन्हा विद्यार्थी झाले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळांत राहून त्यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. त्यांच्या गुरूंपैकी एक होते एमिल फिशर. निरनिराळ्या शर्करांची रचना उलगडणारे हेच ते शास्त्रज्ञ. त्यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लँडस्टायनर शर्करा शिकले ते अशा गुरूंकडे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

व्हिएन्नाला परतल्यावर त्यांनी विकृतिशास्त्र विभागात नोकरी धरली. काम होते शवविच्छेदनाचे. दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. दिवसभर हे काम आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे जिवाशी खेळ होता. सतराव्या शतकात तर कोकराचे रक्त माणसाला देऊन पाहिले गेले होते. कधी रुग्ण वाचे, कधी रक्त देताच थंडी वाजून, लघवी काळी होऊन दगावे. असे का होते, ते कुणालाच सांगता येत नव्हते. एका माणसाच्या रक्तात दुसऱ्याचे रक्त मिसळले की कधी कधी तांबड्या पेशींचे पुंजके बनतात, हे काहींनी पाहिले होते. पण तो एखाद्या आजाराचा परिणाम असावा, असे मानून ते पुढे गेले.

लँडस्टायनर मात्र तेथे थांबले. त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेतले. ही सगळी धडधाकट माणसे होती. प्रत्येकाच्या रक्तातील तांबड्या पेशी वेगळ्या केल्या, वरचा पाण्यासारखा द्रव वेगळा केला. मग प्रत्येकाच्या द्रवात प्रत्येकाच्या पेशी मिसळून पाहिल्या आणि निकालाचा तक्ता मांडला. काही जोड्यांत पुंजके बनले, काहींत नाही. स्वतःच्या द्रवात स्वतःच्या पेशींचे पुंजके मात्र कुणाचेच बनले नाहीत. याचा अर्थ, फरक आजाराचा नव्हता, तो निरोगी माणसा-माणसांतलाच होता. १९०१ मध्ये त्यांनी ए, बी आणि सी असे तीन गट जाहीर केले. या 'सी'लाच आज आपण 'ओ' म्हणतो. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा, एबी हा गट सापडला.

थोडी काचसामग्री, थोडे रक्त आणि एक तक्ता. एवढ्यावर लागलेल्या या शोधाची दखल घ्यायला जगाला बराच काळ लागला. १९०७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहण्यास सुरुवात झाली आणि पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत रुजत गेली.

दरम्यान लँडस्टायनर स्वस्थ बसले नव्हते. एर्विन पॉपर या सहकाऱ्यासह त्यांनी पोलिओचे कारण विषाणू आहे, हे दाखवून दिले. १९१६ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. पण महायुद्धाने ऑस्ट्रिया मोडून पडला होता. व्हिएन्नात संशोधनाला पैसा नव्हता. १९१९ मध्ये त्यांनी कुटुंबासह देश सोडला आणि हॉलंडमधील हेग शहरात एका लहान रुग्णालयात लघवी-रक्त तपासण्याचे रोजचे काम पत्करले. पन्नाशी उलटलेला, शेकडो शोधनिबंध लिहिलेला शास्त्रज्ञ हे काम करीत होता आणि त्यातूनही वेळ काढून संशोधन करीत होता. १९२२ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे बोलावणे आले. तेथे ते अखेरपर्यंत रमले.

१९३० मध्ये, म्हणजे शोधानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वभावाने ते भिडस्त होते. गाजावाजा त्यांना मानवत नसे. १९४० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासह आणखी एक मोठा शोध जाहीर केला. तो म्हणजे ऱ्हीसस घटक. तुमच्या रक्तगटापुढे जे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहितात, ते याच घटकावरून. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जून रोजी त्यांचे निधन झाले.

ए आणि बी हे गट ठरविणारी वस्तू नेमकी कोणती, हे त्यांच्या हयातीत पुरते उलगडले नव्हते. ते कोडे १९५० च्या दशकात सुटले. लंडनमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी, तर अमेरिकेत एल्विन काबाट यांनी दाखविले की ही अक्षरे शर्करांनी लिहिलेली आहेत. लँडस्टायनर तरुणपणी जी विद्या शिकले होते, तिथेच उत्तर दडलेले होते!

येथे एक गैरसमज दूर करू. रक्तातील साखर वाढली, असे आपण मधुमेहाच्या संदर्भात म्हणतो, ती साखर रक्तात विरघळलेली असते. आपण ज्या शर्करांविषयी बोलत आहोत, त्या पेशींच्या बाहेरच्या अंगावर छोट्या साखळ्यांसारख्या रोवलेल्या असतात. गोड खाण्याने त्या बदलत नाहीत. शरीरातील प्रत्येक पेशीवर अशी शर्करांची झूल असते. पेशी एकमेकींना ओळखतात ते बऱ्याच अंशी तिच्यावरूनच. फ्लूचा विषाणूदेखील घशातील पेशींवरच्या अशाच एका शर्करेला धरून आत शिरतो.

तांबड्या पेशींवरील साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा असते. हा झाला पाया. त्याला 'एच' म्हणतात. या पायाशेजारी गॅलॅक्टोज ही शर्करा जोडली की गट बी. गॅलॅक्टोजशीच नाते सांगणारी, थोडी वेगळी शर्करा जोडली की गट ए. दोन्ही प्रकार असले की एबी, आणि नुसता पाया असला की ओ. एका शर्करेचा एवढासा फरक, पण आपल्या रक्तातील प्रतिपिंडे तो अचूक ओळखतात आणि परक्या पेशींवर तुटून पडतात. (ऱ्हीसस घटक मात्र शर्करेचा नसून प्रथिनाचा आहे.)

आता आपल्या भागाकडे येऊ. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात असे रुग्ण आढळले की तपासणीत त्यांचा गट ओ वाटे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना जुळेना. डॉ. वाय. एम. भेंडे यांनी डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांच्यासह याचा छडा लावला. नमुने लंडनला गेले, आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधावर भेंडे यांच्याबरोबर मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावे होती. या रुग्णांच्या पेशींवर 'एच' हा पायाच नव्हता. फ्युकोजची ती एक शर्करा नसल्यामुळे ओ गटाच्या पेशीही त्यांच्या शरीराला परक्या वाटत होत्या. या गटाला 'बॉम्बे रक्तगट' असे नाव मिळाले.

हा गट युरोपात फारच विरळा आहे. भारतात साधारणपणे दहा हजारांत एकाचा असतो आणि आजवर नोंदलेल्यांत महाराष्ट्र व शेजारच्या कर्नाटकातील लोक लक्षणीय आहेत. म्हणजे भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद येथील आपल्या घरांशी याचा संबंध येऊ शकतो. आई आणि वडील दोघांकडूनही हा दुर्मीळ गुण आला तरच तो मुलात दिसतो. म्हणून मामे-आते भावंडांत किंवा मामा-भाचीत लग्ने होतात अशा घराण्यांत त्याची शक्यता थोडी वाढते. अशा व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असतात. मात्र अपघात किंवा बाळंतपणात रक्त लागले, तर त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त चालते. सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता चारात एक. म्हणून घरात एक व्यक्ती आढळली की सर्व भावंडांनी तपासून घ्यावे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळाला एक विनंती. प्रवेश अर्जातील रक्तगटाचा रकाना अंदाजाने किंवा आई-वडिलांच्या गटावरून भरू नये. रक्तपेढीत किंवा जिल्हा रुग्णालयात तपासून मगच लिहावा. ओ गट आला आणि पुढे कधी रक्त जुळत नाही असे डॉक्टर म्हणाले, तर बॉम्बे गटाची तपासणी झाली का, हे जरूर विचारावे.

लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, १४ जून, २००४ पासून जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरतात, ते हेच दिवस. मुलांनो, रक्तदानासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, तेव्हा तुमची पाळी अजून यायची आहे. तोवर घरातील मोठ्या माणसांना या दिवसाची आठवण करून द्या, आणि स्वतःचा रक्तगट तपासून, नीट माहीत करून ठेवा.