कार रस्त्यात बंद पडली आणि बर्था बेंझने मोज्याच्या पट्ट्याने शॉर्ट सर्किट काढलं

जुनी गाडी चालता चालता अचानक बंद पडली की मेकॅनिक आधी दोनच गोष्टी बघतो. पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या एका रस्त्यावर ३९ वर्षांच्या एका बाईला या दोन्ही गोष्टी बघाव्या लागल्या. फरक इतकाच, की तेव्हा कारचं गॅरेज नावाची गोष्ट नव्हती, पेट्रोल पंप नव्हता आणि मदतीला कोणी येईल तर त्याने कार आयुष्यात पाहिलेलीच नसायची. सोबत होती दोन पोरं. ऑयगेन १५ वर्षांचा आणि रिचर्ड त्याच्याहून धाकटा.

या बाईचं नाव बर्था बेंझ. मर्सिडीज-बेंझमधल्या बेंझची बायको अशी तिची ओळख करून दिली जाते, पण ती अर्धीच ओळख आहे.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, फोर्ट्सहाईम या गावचा. वडील बांधकामाच्या धंद्यात होते, घर खाऊनपिऊन सुखी. घरातल्या बायबलमध्ये तिच्या जन्माची नोंद करताना पुन्हा मुलगीच झाली अशी हळहळ लिहून ठेवली होती आणि मोठेपणी ती तिच्या वाचनात आली, असं सांगितलं जातं. खरंखोटं काही असो, यंत्रांचं वेड मात्र तिला लहानपणापासून होतं.

मग तिला भेटला कार्ल बेंझ. डोक्यात घोड्याशिवाय चालणारी गाडी आणि खिशात फारसं काही नाही. मानहाईममध्ये त्याने एका भागीदारासोबत वर्कशॉप काढलं, पण भागीदाराशी पटेना. तेव्हा बर्थाने काय केलं, तर लग्नात मिळणारा हुंड्याचा पैसा लग्नाआधीच घेतला आणि त्या भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन टाकला. १८७२ मध्ये दोघांचं लग्न झालं. म्हणजे संसाराच्याही आधी तिचे पैसे त्या वर्कशॉपमध्ये अडकले होते.

पुढची बरीच वर्षं ओढाताणीचीच गेली. १८७९ च्या शेवटच्या रात्री कार्लचं टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. २९ जानेवारी १८८६ ला त्याने तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. नंबर ३७४३५. पेटंटवर नाव फक्त कार्लचं.

गाडी तर तयार झाली, पण घेणार कोण? लोक थांबून बघायचे आणि निघून जायचे. कार्लचा स्वभाव असा, की अजून थोडी सुधारू, मग दाखवू. वर्कशॉपच्या आसपास छोट्या चकरा मारून गाडी परत आत. घरात चार मुलं आणि १६ वर्षांपूर्वी लावलेला पैसा अजून अडकलेलाच.

तर झालं असं, की ऑगस्टमधल्या एका पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाने गाडी बाहेर काढली. माहेरी, फोर्ट्सहाईमला जातोय अशी चिठ्ठी ठेवली आणि निघाली. अंतर १०० किलोमीटरहून थोडं जास्त. इतक्या लांब आजवर कोणीच कार नेली नव्हती.

गाडीला वेगळी टाकी नव्हती. कार्ब्युरेटरमध्ये मावेल तेवढंच, जेमतेम साडेचार लिटर इंधन. ते संपत आल्यावर वीसलोख गावात तिने औषधांच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. हे डाग काढायला वापरायचं द्रावण, पण इंजिनाला चालायचं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंजिन थंड ठेवायचं पाणी उकळून उडून जायचं, ते पुन्हा पुन्हा भरावं लागायचं.

मग इंजिन अडलं. इंधनाची बारीक नळी चोंदली होती. बर्थाने हॅटची पिन काढली आणि नळी मोकळी केली.

त्यानंतर इग्निशन गेलं, आणि हा फॉल्ट जास्त अवघड होता. नळीतला कचरा शोधता येतो. वीज दिसत नाही.

या गाडीची ठिणगी कशी तयार व्हायची ते आधी समजून घेऊ. बॅटरीचा करंट एका कॉइलकडे जायचा. तिथे एक छोटं पातं थरथरत करंट सतत जोडायचं आणि तोडायचं. त्यातून जास्त दाबाची वीज तयार व्हायची आणि स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पडायची. आता या वाटेवर कुठे तारेवरचं आवरण घासलं आणि उघडी तार गाडीच्या लोखंडाला टेकली, तर करंट प्लगपर्यंत जातच नाही. त्याला घरी परतायची जवळची वाट सापडते. यालाच आपण शॉर्ट म्हणतो. इंजिन ठणठणीत असतं, इंधन असतं, फक्त ठिणगी नसते.

तीनचाकी गाडी, खडबडीत रस्ता आणि दिवसभराचे हादरे. तार घासणार नाही तर काय! या प्रवासाच्या हकिकतींत असंच सांगितलं जातं, की इग्निशनची तार घासून उघडी पडली होती. बर्थाने ती जागा शोधली आणि स्वतःचा गार्टर, म्हणजे लांब मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधायचा पट्टा, काढून त्या तारेवर गुंडाळला. कोरडं कापड विजेला सहजासहजी वाट देत नाही. उघडी तार लोखंडापासून सुटी झाली आणि इंजिन पुन्हा धडधडायला लागलं.

आज क्लासिक गाड्या दुरुस्त करणारे वेगळं काय करतात? हातात मल्टीमीटर आला, फ्यूज आले, चिकटपट्टी आली. पण शोध तसाच. तार कुठे वाकते, कुठे पत्र्याच्या कडेला घासते, कुठे गरम भागाजवळून जाते, ते बघत जायचं. पट्टा गुंडाळणं सोपं होतं, कुठे गुंडाळायचा हे कळणं कठीण. नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये ती नुसती डबा घेऊन जात नव्हती, हे त्या एका दुरुस्तीवरून कळतं.

पुढे ब्रुखझालमध्ये लोहाराकडून चेन नीट करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउशलोट गावात चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची कल्पना तिथली. चढ आला की पोरं उतरून गाडी ढकलायची. अंधार पडता पडता तिघं फोर्ट्सहाईमला पोहोचले आणि कार्लला तार केली.

काही दिवसांनी ती गाडी घेऊनच परत आली, आणि येताना दुरुस्त्यांची यादी घेऊन आली. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही सूचना कार्लने लगेच उचलली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात या गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९९ मध्ये बेंझ कंपनीने एका वर्षात ५७२ गाड्या बनवल्या, तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी कार कंपनी होती.

१९२५ मध्ये कार्लच्या आठवणींचं पुस्तक आलं. हॅटची पिन आणि मोज्याचा पट्टा त्यात आहेत. सगळे सोडून गेले तेव्हा एकटी बर्था सोबत राहिली, हेही त्याने त्यात कबूल केलं. १९२९ मध्ये तो गेला. बर्था त्यानंतर १५ वर्षं लाडेनबुर्गच्या घरात राहिली.

३ मे १९४४ ला तिला ९५ वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी कार्ल जिथे शिकला होता, त्या कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. दोन दिवसांनी, ५ मे ला, ती गेली.