भुताच्या हाकेत हरवलेला पेशवा

पुण्याच्या शनिवारवाड्यात विशिष्ट रात्री एका तरुणाची, चुलत्याकडे प्राणांची भीक मागणारी हाक ऐकू येते, अशी समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पुणे कधी न पाहिलेल्या माणसालाही ती ठाऊक असते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, टिटवाळ्याच्या पुढे भातसा नदीच्या काठी वसलेल्या खडवलीतील शाळकरी मूलही ती हाक कोणाची हे बिनचूक सांगेल. परंतु ज्या खुनाची ती आठवण, त्या खुनातून उद्भवलेल्या युद्धात आपल्याच तालुक्याचे कल्याण शत्रूच्या हाती पडले आणि आपल्या जिल्ह्यातील साष्टी बेट कायमचे इंग्रजांकडे गेले, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. २०२३ मध्ये त्या घटनेला अडीचशे वर्षे पूर्ण झाली. एवढ्या काळात नारायणराव पेशव्याचे भूत घरोघर पोहोचले. नारायणराव हा माणूस मात्र मागेच राहिला.

नारायणरावाचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचा हा धाकटा मुलगा. तो सहा वर्षांचाही झाला नव्हता तोच १४ जानेवारी १७६१ रोजी त्याचा थोरला भाऊ विश्वासराव पानिपतावर पडला. त्या धक्क्याने खचलेल्या नानासाहेबाने त्याच वर्षी जून महिन्यात पर्वतीवर देह ठेवला. पेशवेपदाची वस्त्रे मधला भाऊ माधवराव याला मिळाली, तेव्हा तोही अवघा सोळा वर्षांचा होता. नारायणरावाचे बालपण अशा रीतीने एका विस्कटलेल्या घरात गेले. आई गोपिकाबाई पुढे पुण्यातील राजकारणापासून दूर, नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. साठे घराण्यातील गंगाबाईशी त्याचा विवाह त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झाला.

या घरातील खरी तेढ काका आणि पुतण्या यांच्यातील होती. नानासाहेबाचा भाऊ रघुनाथराव हा पराक्रमी सेनापती. अटकेपर्यंतच्या मोहिमेचे श्रेय त्याच्याकडे जाते. भावाच्या मागे सत्ता आपल्या हाती यावी, ही त्याची इच्छा होती. माधवरावाने त्याला वेळोवेळी सांभाळून घेतले. परंतु प्रकरण हातघाईवर आले तेव्हा १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत त्याचा पराभव करून त्याला शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवले. ज्या वाड्यातून राज्याचा कारभार चालायचा, त्याच वाड्यात राज्यावर हक्क सांगणारा कैदी राहू लागला. माधवरावाच्या कर्तबगारीमुळे या व्यवस्थेतील धोका काही काळ झाकला गेला.

साडेआठ महिन्यांचे राज्य

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने माधवराव गेला. वय सत्तावीस. त्यानंतर १३ डिसेंबरला नारायणरावाला साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. त्याला राज्य करण्यास जो अवधी मिळाला तो जेमतेम साडेआठ महिन्यांचा. एवढ्या अल्प काळावरून कोणाच्याही योग्यतेचा निवाडा करणे न्यायाचे ठरत नाही. तो उतावळा होता, बोलण्यात फटकळ होता, जुन्या कारभाऱ्यांशी त्याचे जमत नव्हते, असे दोष इतिहासकारांनी नोंदवले आहेत. सखारामबापूंसारखा मुरब्बी कारभारी एका बाजूला, तरुण नाना फडणीस दुसऱ्या बाजूला, नागपूरकर भोसल्यांच्या घरात वारशाचा तंटा पेटलेला आणि स्वतःच्याच वाड्यात चुलता अटकेत, अशा परिस्थितीत सतरा वर्षांच्या मुलाने गादी सांभाळावी अशी अपेक्षा होती. १७७३ च्या एप्रिलमध्ये त्याने रघुनाथरावाभोवतीचा पहारा पुन्हा कडक केला. कैद आवळली गेली, परंतु कैद्याभोवती जमणाऱ्या असंतुष्टांचा बंदोबस्त झाला नाही.

या असंतुष्टांना हत्यार मिळाले ते गारद्यांचे. पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेले, वाड्याच्या पहाऱ्यावर असलेले हे पगारी शिपाई. वतनदार सरदाराचे हितसंबंध राज्याच्या भूमीत गुंतलेले असत. गारद्याचा संबंध महिन्याच्या वेतनापुरता. ते वेतन वेळेवर पोहोचले तर तो राखणदार, थकले तर तोच सर्वांत जवळचा धोका. गारद्यांचे पगार थकले होते. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरकसिंग हे त्यांचे नायक आणि रघुनाथरावाचा सेवक तुळाजी पवार यांच्यात मसलत झाली. रोकड आणि किल्ले यांची लालूच दाखवण्यात आली. नारायणरावाला पकडावे, असा लेखी हुकूम रघुनाथरावाकडून घेण्यात आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. गणेशोत्सवाचे दिवस. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला. काही शिजत असल्याची कुणकुण त्याला लागली होती आणि बंदोबस्ताची सूचना त्याने हरिपंत फडके याला दिली होती, असे इतिहासकार सांगतात. तथापि बंदोबस्त होण्यापूर्वीच वेळ निघून गेली. दुपारी थकलेला पगार मागण्याच्या निमित्ताने गारदी वाड्यात घुसले. नारायणराव जीव वाचवण्यासाठी चुलत्याच्या दालनाकडे धावला आणि त्याला बिलगला. तेथेच त्याला ठार करण्यात आले. त्याला वाचवण्यासाठी अंगावर पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. ब्राह्मण, सेवक आणि दासी मिळून आणखीही काही माणसे त्या दुपारी कापली गेली. नारायणरावाला अठरा वर्षे पूर्ण होऊन अवघे वीस दिवस झाले होते.

हाक खरी मानली तर तिचा अर्थ इतकाच की, मरणाऱ्या मुलाला शेवटच्या क्षणीही रक्षणकर्ता म्हणून आठवला तो चुलताच. चापाजी टिळेकराची आणि त्या दासींची हाक मात्र कोणत्याही दंतकथेत ऐकू येत नाही. भुतांच्या जगातही मान धन्यालाच मिळतो!

इंग्रजी वाड्याची गोष्ट

झपाटलेल्या घरांच्या कथा इंग्रजी वाङ्मयात विपुल आहेत. त्यांत एडवर्ड बुलवर-लिटन याची १८५९ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द हाँटेड अँड द हाँटर्स’ ही अव्वल दर्जाची गणली जाते. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा ज्याच्या कारकीर्दीत झाला, त्या व्हाइसरॉय लिटनचा हा पिता. लंडनमधील एका घरात कोणी भाडेकरू टिकत नाही. कथेचा नायक धीटपणे तेथे रात्र काढतो आणि चमत्कार पाहतो. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. तो जुनी पत्रे वाचतो, चौकशी करतो. तेव्हा कळते की, फार पूर्वी एका पोरक्या मुलाची इस्टेट त्याच्या आत्याच्या ताब्यात होती. मुलाचे हाल झाले, ते मेले आणि इस्टेट तिच्याकडे गेली. पुढे नायकाच्या सल्ल्याने एक खोली पाडली जाते, तिच्याखालची गुप्त जागा उघडकीस येते आणि घर शांत होते.

शनिवारवाड्याची कथा आणि ही कथा यांतील साम्य उघड आहे. दोन्हीकडे वारस लहान, पालक जवळचा नातलग आणि मध्ये मालमत्ता. फरक आहे तो पुढच्या पायरीचा. इंग्रज लेखकाचा नायक भुतापाशी न थांबता कागदपत्रांपाशी जातो. आपल्याकडे अशी चौकशी कल्पनेत नव्हे, प्रत्यक्षात झाली होती. पण लोकांच्या आठवणीत ती भुताच्या हाकेइतकी ठसली नाही.

ती चौकशी केली न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी. खुनानंतर रघुनाथरावच पेशवा झाला होता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा, तोच राज्याचा धनी. तरीही शास्त्रीबुवांनी तपास केला, कटातील माणसांची नावे निश्चित केली आणि खुद्द पेशव्याला दोषी ठरवले. या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असा निर्णय देऊन त्यांनी पद सोडले व पुणेही सोडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा परक्या सरकारच्या अमलाखालील प्रेक्षकांना हा न्यायाधीश आपलासा वाटला, यात नवल नाही.

या प्रकरणात आणखी एका व्यक्तीवर लोकसमजुतीने अन्याय केला आहे. रघुनाथरावाची पत्नी आनंदीबाई हिने हुकुमातील एक अक्षर बदलून धरण्याचे मारणे केले, ही गोष्ट इतकी रुजली की ‘ध चा मा करणे’ हा मराठीतील वाक्प्रचारच झाला. तो बदललेला कागद मात्र उपलब्ध नाही आणि गो. स. सरदेसाई यांच्यासारख्या इतिहासकारानेही या आरोपाविषयी शंका घेतली आहे. थकलेला पगार, कारभाऱ्यांची फूट, वारशाचा न सुटलेला प्रश्न ही सारी कारणे बाजूला सारून दोष एका स्त्रीच्या लेखणीवर टाकला की पुरुषांच्या कारभाराची तपासणी टळते.

खुनाची किंमत

खून पचला नाही. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदींनी रघुनाथरावाविरुद्ध जूट केली. तेच बारभाईंचे कारस्थान. नारायणरावाच्या मृत्यूसमयी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला. अवघ्या काही आठवड्यांच्या या बालकाला, सवाई माधवरावाला, पेशवेपदाची वस्त्रे देण्यात आली. खुनाच्या कटातील प्रमुखांपैकी काहींना पुढील वर्षांत पकडून देहदंड देण्यात आला.

गादी गमावलेला रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला. कंपनीने अडीच हजार फौज द्यायची. तिच्या खर्चासाठी रघुनाथरावाने दरमहा दीड लाख रुपये द्यायचे, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे आणि साष्टी व वसई तोडून द्यायची, असा हा व्यवहार होता. साष्टी आणि वसई म्हणजे चिमाजी अप्पाच्या मोहिमेने १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांकडून मोठ्या रक्तपाताने जिंकलेला मुलूख. पगारी गारद्यांच्या बळावर मिळवलेली सत्ता टिकवण्यासाठी त्याहून महाग पगारी फौज भाड्याने घ्यावी लागली आणि भाडे भूमीच्या रूपाने चुकवावे लागले.

पुढील युद्धात १७८० च्या मे महिन्यात इंग्रजांनी कल्याण घेतले, डिसेंबरात वसईही पडली. खडवलीसारख्या गावांच्या परिसरात फौजांच्या हालचालींचे दिवस आले. पुण्यातील एका दालनात सांडलेल्या रक्ताचा हिशेब असा उल्हास-भातसेच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी मिळाली नाही. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगाव येथे मरण पावला. सवाई माधवराव १७९५ मध्ये त्याच शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून गेला आणि गादी रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव याच्याकडे आली. त्याने १८०२ मध्ये वसईलाच कंपनीची फौज पदरी घेण्याचा तह केला. बापाने काढलेल्या वाटेने मुलगा शेवटपर्यंत गेला. १८१८ मध्ये राज्य बुडाले.

आता त्या वाड्याविषयी. १७३० मध्ये पायाभरणी होऊन सोळा हजार एकशे दहा रुपये खर्चून उभारलेला हा वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती एवढेच उरले. ज्या दालनात नारायणराव मारला गेला ते दालन अस्तित्वात नाही, त्याची भिंत नाही, छप्पर नाही. जे घरच उरले नाही, ते झपाटलेले राहणार कसे? झपाटलेली आहे ती आपली स्मृती. प्रेत याच वाटेने नेले म्हणून नारायण दरवाजा हे नाव पडले, असे सांगतात. त्या दरवाजापाशी आज येणारा विद्यार्थी मोबाइलवर भुताची चित्रफीत पाहून आलेला असतो.

भुताच्या गोष्टीत मुलांना गोडी वाटते आणि ती वाटू द्यावी. शिक्षकाला तर तिच्याइतके चांगले निमित्त मिळणार नाही. हाक कोणी मारली हे मुलांना ठाऊकच असते. पगार कोणी थकवला, पहारा कोणाचा होता, लाभ कोणाला झाला, किंमत कोणत्या तालुक्यांनी मोजली आणि धन्यासमोर उभे राहून त्याला दोषी कोणी ठरवले, हे पुढचे प्रश्न वर्गात विचारले गेले पाहिजेत. अठरा वर्षांच्या त्या पेशव्याला वाचवण्यास कोणी वेळेवर पोहोचले नाही. त्याला न्याय मिळाला तो एका माणसाच्या निर्भय तपासामुळे. ती हाक खऱ्या अर्थाने ऐकली ती रामशास्त्र्यांनी, आणि तेही दिवसाढवळ्या.