पडत्या राज्याचा सेनापति : मलिक अंबर

शौर्याच्या कथा कोणत्याहि देशाच्या असोत, त्या लहानथोरांस सारख्याच प्रिय असतात. इ. स. १९५८ मध्यें अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकानें काढलेला एक बोलपट अशाच एका कथेवर रचलेला आहे. एक राजकुल युद्धांत धुळीस मिळालें आहे. त्या कुलाची एकटी राजकन्या उरली आहे. तिचा सेनापति तिला डोंगरांतील एका गुप्त गढींत लपवितो, राज्याचें सोनें लांकडांत दडवितो आणि शत्रूच्या मुलखांतून तिला सुखरूप पार नेतो. राजकन्येच्या जागीं त्याची स्वतःची बहीण बळी गेलेली असते, तरी तो डगमगत नाहीं. तोशिरो मिफुने या नटानें हा सेनापति पडद्यावर उभा केला.

हा बोलपट देशोदेशीं आवडला, तो केवळ तलवारींच्या खणखणाटामुळें नव्हे. सैन्य गेलें, किल्ले गेले, राजाहि गेला, अशा वेळीं जो सेवक टिकून राहतो व बळाची उणीव युक्तीनें भरून काढतो, त्याच्याकडे मनुष्याचें मन आपोआप ओढलें जातें. असा पुरुष शोधण्यासाठीं आपल्या शहराच्या मुलांना मात्र जपानपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. ज्यानें हें शहर वसविलें, त्या मलिक अंबराचेंच चरित्र तसें आहे.

अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाण देशांत झाला. त्याचें मूळ नांव चापू. बाळपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि एका हातांतून दुसऱ्या हातांत जात बगदादेस पोहोंचला. तेथील मीर कासिम नांवाच्या धन्यानें त्याची बुद्धि ओळखून त्यास शिक्षण दिलें व अंबर हें नांव ठेविलें. पवित्र शास्त्रांतील योसेफाची कथा आपणांस ठाऊक आहे. भावांनीं विकलेला तो मुलगा पुढें मिसर देशाचा कारभारी झाला. अंबराचें दैवहि कांहींसें तसेंच होतें. त्यास दक्षिणेंत आणल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें विकत घेतलें. हा पेशवा स्वतः पूर्वीं हबशी गुलामच होता. त्याच्या पदरीं राहून राज्यकारभार व युद्ध या दोन्ही विद्या अंबरास जवळून पाहावयास मिळाल्या.

इ. स. १५७५ च्या सुमारास चंगीजखान मरण पावला व अंबर गुलामगिरींतून मुक्त झाला. स्वातंत्र्य मिळालें, परंतु धनी उरला नाहीं. धनी गमावलेल्या सामुराईस जपानांत रोनिन म्हणतात. अंबराची स्थिति तशीच झाली. सुमारें वीस वर्षें तो पोटासाठीं तलवार बाळगून राहिला. विजापूरच्या चाकरींत त्यास मलिक ही पदवी मिळाली. इ. स. १५९५ च्या सुमारास तो अहमदनगरच्या राज्यांत परतला, तेव्हां त्याच्या हाताखालीं अवघे दीडशें स्वार होते.

पुढें इ. स. १६०० मध्यें चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला अकबराच्या सैन्यानें घेतला आणि बालराजास ग्वाल्हेरच्या कैदेंत धाडलें. निजामशाही संपली असेंच सर्वांस वाटलें. अंबरास तसें वाटलें नाहीं. त्यानें राजघराण्यांतील अली नांवाच्या एका तरुणास शोधून काढलें, परंड्याच्या किल्ल्यांत त्यास दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविलें आणि आपली मुलगी त्यास दिली. तेथून सव्वीस वर्षें हा एक मनुष्य मोगल बादशाहीच्या वाटेंत उभा राहिला.

मोगलांची फौज मोठी, परंतु तोफा, हत्ती व बाजारबुणगे यांच्या ओझ्यानें जड झालेली. अंबरानें उघड्या मैदानाची लढाई टाळली. मराठे स्वारांचीं चपळ पथकें घेऊन तो शत्रूची रसद तोडी, रात्रीं छापे घाली व डोंगरांत दिसेनासा होई. शहाजी राजे भोसले यांनीं या युद्धांत भाग घेतला, आणि त्यांचे पुत्र शिवाजी महाराज यांनीं पुढें याच पद्धतीस पूर्णत्व आणलें. जहांगीर बादशहा अंबरावर इतका चिडला कीं, अंबराच्या छिन्न मस्तकावर आपण बाण मारीत आहों असें चित्र त्यानें काढविलें. प्रत्यक्षांत तें त्यास कधींच साधलें नाहीं.

इ. स. १६१० मध्यें अंबरानें खडकी या गांवीं राजधानी वसविली. भडकल दरवाजा त्याच्याच काळचा. उत्तरेकडील डोंगरांतलें पाणी त्यानें जमिनीखालून शहरांत आणलें. हवेसाठीं व सफाईसाठीं वाटेंत ठिकठिकाणीं उसासे ठेविले. हीच ती नहर-ए-अंबरी. इ. स. १६१६ मध्यें जालन्याजवळ रोषणगांव येथें त्याचा पराभव झाला व मोगलांनीं खडकी जाळली. इ. स. १६२१ मध्यें शहराचा पुन्हा विध्वंस झाला. तरी तो खचला नाहीं. इ. स. १६२४ मध्यें भातवडी येथें मोगल व विजापूरकर यांच्या एकत्र फौजा चालून आल्या असतां त्यानें तलावाचा बांध फोडून त्यांची वाट चिखलांत बुडविली व त्यांचा मोड केला. शहाजी राजांचे बंधु शरीफजी त्या रणांत पडले.

मात्र खरें चरित्र बोलपटाइतकें निर्मळ नसतें. ज्या मुर्तजास अंबरानें गादीवर बसविलें, त्याच्याशीं बिघाड होतांच इ. स. १६१० मध्यें त्यास विष देवविलें व त्याच्या लहान मुलास राजा केलें, असें तत्कालीन एका डच व्यापाऱ्याच्या वृत्तांतावरून कळतें. राज्य राखतां राखतां राजाच नाहींसा करावा, हा मोह सत्तेंत असतो. थोरांचे गुण घेतांना त्यांच्या चुका झांकूं नयेत.

इ. स. १६२६ मध्यें, वयाच्या ऐंशीच्या घरांत, अंबर मरण पावला. खुलदाबाद येथें त्याची कबर आहे. ज्या राज्यासाठीं तो झगडला, तें दहा वर्षांनीं, इ. स. १६३६ मध्यें बुडालें. खडकीचें नांव आधीं फत्तेनगर, मग १६५३ मध्यें औरंगाबाद व २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर झालें. परंतु नहरीचें पाणी पुढें कित्येक पिढ्या या शहराची तहान भागवीत राहिलें.

बोलपटांतील सेनापतीचें काम राजकन्या सीमेपार पोहोंचतांच संपतें. अंबरास अशी सीमा लाभली नाहीं. एका हातानें लढत असतां दुसऱ्या हातानें त्यास पाण्याची सोय करावी लागली. विद्यार्थी मित्रहो, भडकल दरवाज्याखालून जातांना हें ध्यानांत असूं द्या. त्याच्या तलवारीनें राखलेलें सिंहासन गेलें. बाजारांत विकल्या गेलेल्या त्या मुलानें वसविलेलें शहर मात्र आज आपलें घर आहे.