जगाचा आवाज डबीत भरणारा एडिसन स्वतः कमी ऐकायचा, पण कानावर इलाज करायला त्याने नकार दिला

भुसावळच्या शेजारचं वरणगाव. ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे सगळ्या खान्देशाला माहीत असलेलं गाव.

इथल्या कुठल्याही घरात संध्याकाळी दिसेल असं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. आप्पा टीव्ही बघतायत, आवाज ओट्यापर्यंत येतोय. सूनबाई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारतायत. आप्पांचं म्हणणं एकच, की आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.

मग पुण्याला असलेला मुलगा मोबाईलवरून चार्जिंगचं कानाचं मशीन मागवतो. हजार-दोन हजाराचं, दिसायला ब्लूटूथसारखं. पहिल्या दिवशी आप्पांना पंख्याची घरघर, ताटांचा खणखणाट आणि स्वतःचं चावणं, सगळंच ऐकू येतं. चौथ्या दिवशी मशीन कपाटात जातं, ते परत बाहेर येत नाही.

वरणगाव असो, यावल असो की धुळे, गोष्ट सारखीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात थॉमस अल्वा एडिसन कुठून आला?

तर या छोट्या मशीनमधल्या दोन गोष्टींची मुळं थेट त्याच्यापर्यंत पोहोचतात. एक म्हणजे बारीक आवाज मोठा करायची युक्ती आणि दुसरी म्हणजे परत परत चार्ज होणारी बॅटरी. आणि गंमत म्हणजे, या माणसाला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं.

रेल्वेत पेपर विकणारा पोरगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिलान गावातला. पुढे त्याचं घरदार मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला आलं. शाळा फार काळ टिकली नाही. आई नॅन्सी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवलं.

बाराव्या वर्षी तो रेल्वेत चढला. पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट गाडीत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायची. भुसावळ स्टेशनावर वाढलेल्या माणसाला हे काम समजावून सांगायची गरज नाही. त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली आणि १८६२ साली स्वतःचा पेपरही छापला.

याच वयात त्याचं ऐकणं कमी व्हायला लागलं.

आपल्याकडे याची एक गोष्ट फार चालते. डब्यात आग लागली, चिडलेल्या गार्डने कानाखाली वाजवली आणि एडिसन बहिरा झाला. एडिसन स्वतः मात्र वेगळंच सांगायचा. धावती गाडी पकडताना कुणीतरी त्याला कान धरून वर ओढलं आणि तेव्हा कानात काहीतरी तुटल्यासारखं झालं, असं तो सांगत असे.

अभ्यासकांना दोन्ही गोष्टी पटत नाहीत. लहानपणी झालेला स्कार्लेट फिव्हर आणि कानात वारंवार झालेला संसर्ग, हे कारण त्यांना जास्त शक्य वाटतं. म्हणजे वाहणाऱ्या कानाकडे झालेलं दुर्लक्ष. आपल्याकडेही कान फुटला की तेल टाकून मोकळं होणारी घरं कमी नाहीत.

बाराव्या वर्षानंतर आपण पक्ष्याचं गाणं ऐकलेलं नाही, असं त्याने पुढे लिहून ठेवलं.

कमीपणाचा फायदा झाला, पण कुठे?

१८६२ मध्ये एका स्टेशनमास्तरचं लहान पोरगं रुळावर खेळत होतं. एडिसनने त्याला गाडीखाली येण्यापासून वाचवलं. त्या बापाने बदल्यात त्याला तारयंत्र शिकवलं.

तारेच्या ऑफिसात अनेक यंत्रं एकाच वेळी कडकडत असायची. बाकीच्यांचं लक्ष उडायचं, पण एडिसनला फक्त समोरच्या यंत्राचा टकटकाट जाणवायचा. तो गावोगावी फिरून तारबाबू म्हणून काम करत राहिला. पुढे त्याने पहिली बायको मेरीपासून झालेल्या दोन पोरांना डॉट आणि डॅश अशी लाडाची नावं ठेवली, म्हणजे कट्ट आणि कडकट्ट.

१८७६ ला ग्रॅहम बेलच्या टेलिफोनचं पेटंट आलं. बेलचा फोन चालायचा, पण आवाज फार बारीक यायचा. चांगल्या कानाच्या माणसालाही ताण द्यावा लागायचा, तर एडिसनची काय कथा. म्हणूनच तो आवाज मोठा करायच्या मागे लागला.

१८७७ मध्ये त्याने कार्बनचा ट्रान्समीटर बनवला. त्याची युक्ती सोपी आहे. कार्बनच्या छोट्या बटणातून बॅटरीचा करंट सोडायचा. आवाजाने पडदा हलला की बटण दाबलं जातं, दाब वाढला की करंट वाढतो आणि कमी झाला की घटतो. म्हणजे आवाजाला स्वतः ताकद लावावी लागत नाही, ताकद बॅटरीची असते. बारीक आवाज फक्त नळाची तोटी फिरवतो.

त्या काळात इतरही लोक यावर काम करत होते आणि पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या. पण टेलिफोन लांबपर्यंत नीट ऐकू येऊ लागला, त्यात एडिसनचा वाटा मोठा होता.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याने फोनोग्राफ बनवला, म्हणजे माणसाचा आवाज साठवून परत ऐकवणारं पहिलं यंत्र. यानंतर १८७८ मध्ये त्याने मोठमोठी कर्णे जोडून लांबचं बोलणं ऐकायचं साधन करून पाहिलं. पेपरात बातम्या आल्या आणि कमी ऐकणाऱ्या लोकांची पत्रं त्याच्याकडे येऊ लागली. आपल्यासाठी काहीतरी करा, असं ती माणसं कळवत होती.

त्याने थोडे प्रयोग केलेही. पण तोवर विजेचा दिवा डोक्यात शिरला आणि कानाचं यंत्र मागे पडलं. त्याने ते कधीच बाजारात आणलं नाही.

ते काम दुसऱ्यानेच केलं

अलाबामातल्या मिलर रीस हचिसनचा एक मित्र लहानपणीच्या तापात बहिरा झाला होता. १८९८ च्या सुमारास हचिसनने कार्बन ट्रान्समीटरचं तत्त्व वापरून कानासाठी विजेचं यंत्र बनवलं. सुरुवातीला ते टेबलावर ठेवावं लागायचं, जड होतं आणि महागही. पुढे त्याने ते सुटसुटीत केलं. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिनेही ते वापरलं.

आणि १९१० नंतर हाच हचिसन एडिसनच्या कारखान्यात मुख्य अभियंता झाला. कानाचं मशीन बनवणारा माणूस आणि कमी ऐकणारा मालक एकाच आवारात काम करत होते.

त्या कार्बनच्या मशीनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांचं ऐकणं थोडं किंवा मध्यम कमी झालंय, त्यांनाच त्याचा उपयोग व्हायचा. फार बहिरेपण असेल तर नाही. आजच्या स्वस्त मशीनचंही जवळपास तसंच आहे.

दुसरा धागा बॅटरीचा. १८९९ पासून एडिसन परत परत चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या मागे होता. १९०३ ला त्याने निकेल आणि लोखंडाची बॅटरी बाजारात आणली. ती गळायला लागली, तेव्हा विक्री थांबवली आणि सुधारून १९०९ ला परत आणली. खाणीतले दिवे, रेल्वेचे सिग्नल अशा ठिकाणी ती वर्षानुवर्षं चालली.

ती काही कानात मावणारी नव्हती. पण निकेल आणि अल्कलीचं तेच घराणं पुढे निकेल-मेटल हायड्राईड सेलपर्यंत आलं, आणि चार्जिंगच्या कानाच्या मशीनमध्ये ते सेल बसले. आता त्यांची जागा बरीचशी लिथियमने घेतली आहे.

दाताने गाणं ऐकणारा मालक

मेरी १८८४ ला वारली. दुसरी बायको मीना. तिला त्याने तारेची भाषा शिकवली आणि लग्नाची मागणीही तिच्या हातावर टकटक करूनच घातली. १८८६ ला लग्न झालं. नाटकाला गेले की मीना त्याच्या गुडघ्यावर बोटांनी संवाद वाजवून सांगायची.

ऐकायला छान वाटतं. पण याची दुसरी बाजू अशी, की चारचौघांतलं बोलणं कळायला त्याला कायम दुसऱ्याचं बोट लागत होतं. जेवणाच्या टेबलावर गप्पा रंगायच्या आणि तो आपल्याच विचारात असायचा. फालतू गप्पांतून सुटका झाली, असं तो त्याला म्हणायचा.

शस्त्रक्रियेने ऐकू येऊ शकेल असं सुचवलं गेलं, तेव्हाही त्याने नकार दिला. या गोंगाटाच्या जगात विचार करायला आपल्याला नव्याने शिकावं लागेल, अशी त्याला धास्ती होती.

याची किंमत त्याने धंद्यात मोजली. १९१२ नंतर त्याच्या कंपनीच्या नव्या तबकड्या आल्या. त्यांचा आवाज त्या काळात उत्तम मानला जायचा. पण कुठला गायक घ्यायचा आणि कुठला नाही, हे मालक स्वतः ठरवायचा. फोनोग्राफच्या लाकडात दात रोवून, हाडांतून येणाऱ्या थरथरीवर तो गाणं ऐकायचा आणि आवाजात जरा कंप आला की नापास करायचा. लोकांना काय आवडतं ते प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ओळखलं. कान हे एकच कारण नव्हतं, हट्टही होता. पण १९२९ मध्ये, ज्याने फोनोग्राफ शोधला त्याच्याच कंपनीने तबकड्यांचा धंदा बंद केला.

१८ ऑक्टोबर १९३१ ला, ८४ व्या वर्षी एडिसन गेला. त्याच्या नावावर अमेरिकेतली १,०९३ पेटंट होती.

मग आप्पांनी काय करायचं?

बहिरेपण हे वरदान आहे, हा एडिसनचा हिशोब त्याच्यापुरता ठीक होता. त्याच्याकडे प्रयोगशाळा होती, हाताखाली माणसं होती, मीना होती. आप्पांकडे टीव्ही आणि चार माणसांचं बोलणं आहे. तेच गेलं तर माणूस घरात असून एकटा पडतो.

आणि सौम्य बहिरेपण फसवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात २० ते ३५ डेसिबलच्या दरम्यानचं नुकसान त्यात येतं. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. वयानुसार आधी स, श, फ यांसारखे बारीक आवाज जातात. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं, आणि दोष बोलणाऱ्याला मिळतो.

स्वस्त मशीन आणि डॉक्टरांकडचं श्रवणयंत्र यातला फरक इथेच आहे. ॲम्प्लिफायर सगळेच आवाज मोठे करतो, ताटंही आणि नातवाचं बोलणंही. श्रवणयंत्र तपासणीच्या आलेखावरून लावतात, जे आवाज कमी झालेत तेवढेच ते वाढवतं.

म्हणून आधी कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ असतो. अचानक ऐकू येईनासं झालं, एकाच कानाने कमी येतंय, कान वाहतोय, दुखतोय किंवा चक्कर येतेय, तर मशीन मागवायचं नाही, थेट कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा.

तपासणीत नुकसान सौम्य निघालं आणि आधी स्वस्त मशीन करून पाहायचं असेल, तर परत करायची मुदत असलेलंच घ्या. कानात जाणारी रबरी टोपी तीन-चार मापांत येते. सैल बसली की मशीन शिट्टी मारतं, आणि बरीच मशीनं याच कारणाने कपाटात जातात. पहिल्या दिवशी शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, तासभर लावा. टीव्ही, मग जेवणाची वेळ, बाजार सगळ्यात शेवटी. आवाज कमीतकमी ठेवा, कारण फार मोठा आवाज उरलेलं ऐकणंही खराब करू शकतो. चार्जिंग दिवसभर टिकतं का, तेही मुदतीतच बघा. दोन-तीन आठवड्यांत शब्द स्पष्ट झाले नाहीत, तर ते परत करून श्रवणयंत्राचा विचार करा.

पैशांची अडचण असेल तर एक वाट माहीत असू द्या. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साधनं घ्यायला एकदाच ३,००० रुपये मिळतात, आणि त्या साधनांत श्रवणयंत्रही आहे.

एडिसनच्या काळात हे मशीन सुरुवातीला टेबलावर ठेवावं लागायचं आणि राणीला परवडत होतं. आज ते वरणगावच्या कपाटात पडून आहे. या रविवारी ते बाहेर काढा, चार्जिंगला लावा आणि टोपीचं माप बदलून बघा.