विश्लेषण : ज्येष्ठांची चाल मोजणारा सेन्सर आणि दीडशे वर्षांपूर्वीचा बूट, कोण होते एटियेन-ज्यूल मारे?

घरातले ज्येष्ठ पडले की कारण सांगतात, पाय घसरला. पण त्याआधी काही आठवडे चाल मंदावली होती का, एका पायावर भार कमी पडत होता का, हे त्यांनाही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात. सर्वाधिक धोका साठीपुढच्यांना. म्हणूनच आता अंगावरच्या सेन्सरने चाल मोजली जाते. या कल्पनेची मुळे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांच्या कामात सापडतात.

इंजिनीअर व्हायचे होते, पण...

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधील बोन येथे झाला. ओढा इंजिनीअरिंगकडे होता. वडिलांच्या इच्छेखातर १८४९ मध्ये ते वैद्यकशास्त्र शिकायला पॅरिसला गेले. यंत्रांचा नाद मात्र सुटला नाही. १८६० मध्ये त्यांनी मनगटावर बांधायचे नाडीयंत्र बनवले. ठोक्यासरशी त्याची तरफ हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेषा उमटायची.

बुटात काय होते?

पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत रबरी तळाचे बूट तयार झाले. तळात हवेची पोकळी होती. पाऊल टेकले की दाबलेली हवा नळीतून चालणाऱ्याच्या हातातल्या यंत्रात जायची आणि रेषा वर चढायची; पाऊल उचलले की खाली यायची. कोणता पाय जमिनीवर किती वेळ राहिला, हे कागदावर दिसू लागले. डोक्यावरचे दुसरे यंत्र शरीराचे वर-खाली होणे टिपायचे. १८७३ च्या पुस्तकात त्यांनी हे सारे मांडले. १८८२ मध्ये त्यांनी सेकंदाला १२ छायाचित्रे टिपणारी ‘बंदूक’ बनवली, तर १८९४ मध्ये मांजर पडताना हवेतच वळून पायांवर कसे उतरते, हे छायाचित्रांतून दाखवले.

आज उपयोग काय?

हवेच्या पोकळीऐवजी आता अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप आले. अचानक जोराचा धक्का आणि त्यानंतर हालचाल नाही, यावरून उपकरण पडल्याचा अंदाज बांधते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही पायांवरचा वेळ सारखा होतोय का, हेही कळते. दवाखान्यात डॉक्टरांना दिसतात चार पावले. सेन्सरला घरातला अख्खा दिवस दिसतो. ओली फरशी मात्र त्याला दिसत नाही, ती घरच्यांनीच पुसायची.

मारे यांचे १९०४ मध्ये पॅरिसमध्ये निधन झाले. पडणे क्षणाचे असले तरी त्याची चाहूल आधीच्या चालीत लागू शकते. ती टिपायची पद्धत ते देऊन गेले.